ट्रेलर मागं घेताना

बाजाराच्या फाटकात पिवळ्या डगल्यातल्या माणसानं हात आडवा केला, तेव्हा यमुनाक्काला वाटलं, नेहमीसारखे जनावरांचे कागद बघायचे असतील. तिनं पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली आणि आतला कागदांचा पुडका रश्मीच्या हातात दिला. त्या माणसानं पुडका घेतला, वरवर चाळला आणि परत दिला. मग त्यानं रश्मीचं लायसन मागितलं.

रश्मी म्हणजे आक्काची एकुलती एक. वय तेवीस. बापाच्या अंगावरून वारं गेलं म्हणून ऑक्टोबरात क्रॉयडनच्या ऑफिसातली खुर्ची सोडून घरी आलेली. जानेवारीच्या आठ तारखेला गाडीची परीक्षा पास झाली होती, आणि आज महिन्याच्या अखेरीस पहिल्यांदाच पिकअपला ट्रेलर जोडून रस्त्यावर निघाली होती. ट्रेलरमध्ये बावीस बोकड होते. बारा मैलांत तिनं एकदाही ब्रेकला हिसका दिला नव्हता. आक्कानं ते पाहून ठेवलं होतं. बोलून दाखवलं नव्हतं.

पिवळा डगला लायसन उलटसुलट करून बघत होता. मग तो खिडकीशी वाकून हळू आवाजात काहीतरी सांगू लागला. रश्मीचे कान लाल झाले.

"काय म्हंतोय?"

"म्हणतो, ट्रेलर ओढायला अलाउड नाही. फर्स्ट जानेवारीनंतर पास झालं तर फक्त कार. हेवी ट्रेलरसाठी सेपरेट टेस्ट द्यायला लागतो."

"तुझा बा पंधरा वर्सं ह्याच फाटकातनं ह्योच ट्रेलर आत न्हेतोय. त्येनं कुठली येगळी परीक्षा दिलती?"

"बाबांची लायसन जुनी आहे, आई. जुन्या लोकांना ट्रेलर आपोआप मिळायचा." रश्मीनं समोरच्या काचेकडं पाहत म्हटलं, "मी एक वीक लेट झाले."

त्या माणसानं आणखी काही सांगितलं. रश्मीनं तेही मराठीत करून सांगितलं. दुसऱ्याची जनावरं भाड्यानं न्यायची असतील तर धंद्याचा परवाना आणखी निराळा.

"दुसऱ्याची गेली खड्ड्यात. आपलीच न्ह्यायची हायती," आक्का म्हणाली. पण त्या 'एक वीक'चा काटा तिच्या पोटात तोवर रुतला होता.

ट्रेलर फाटकाच्या कडेला सोडून ठेवायचा हुकूम झाला. आक्का खाली उतरली. पुढचं लहान चाक टेकवण्यासाठी ती दांडा फिरवू लागली. बर्फाचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. कठड्याला टेकून चहा पिणारे सात-आठ शेतकरी बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर आक्कानं एकेकाची आई-बहीण काढली असती आणि मन हलकं केलं असतं. ते नुसते बघत राहिले, आणि एकानं टोपीला हात लावला. तेच तिला जास्त लागलं.

तीन तासांनी शेजारचा हॅरल्ड आपली मेंढरं विकून मोकळा झाला आणि त्यानं ट्रेलर आपल्या गाडीला जोडून घरी आणला. तोवर न विकलेल्या बोकडांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता.

तो एक आठवडा उशीर झाला होता एका अमावस्येपायी. रश्मीची गाडीची परीक्षा आधी दहा डिसेंबरला ठरली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आक्काचा भाऊ माण तालुक्यातून दरवर्षी पाठवायचा ते कॅलेंडर होतं. आक्का त्याच्या नाकाला नाक लावून उभी राहिली, आणि दहाच्या चौकटीत काळा गोळा दिसल्यावर म्हणाली, "आवसंला न्हाय जायाचं. आवसंला आमच्यात शेळीबी इकत न्हाईत." रश्मीनं "आई, इट्स जस्ट अ टेस्ट" असं दोनदा म्हणून पाहिलं आणि मग फोन करून तारीख बदलून घेतली. बदलून मिळाली ती आठ जानेवारी. नियम नव्या वर्षापासून बदलणार हे हॅरल्डला ठाऊक होतं. पण त्याला पोरीची परीक्षा दहा डिसेंबरलाच आहे एवढंच माहीत, म्हणून तो निवांत होता. तारीख बदलल्याचं आक्कानं त्याला सांगितलं नव्हतं. आपल्या घरातल्या अमावस्या गोऱ्या शेजाऱ्याला कशाला सांगायच्या?

घरी आल्यावर त्या तारखेबद्दल रश्मी एक शब्द बोलली नाही. आक्कानंही काढला नाही. भाकरी मात्र त्या दिवशी तिनं अशी थापली की परात टेबलावर नाचत होती.

विष्णू खिडकीजवळच्या खुर्चीत होता. तिचा नवरा. लीड्सच्या ओतशाळेत सतरा वर्षं लोखंड ओतलेला माणूस. एक्याऐंशी साली ओतशाळा बंद पडली आणि हातात जे पडलं त्यातून त्यानं हा आठ एकरांचा तुकडा आणि पडका गोठा घेतला. त्यात शेळ्या आणायचं डोकं आक्काचं. आता त्याचा उजवा हात मांडीवर मेल्यागत पडलेला असायचा, आणि शब्द तोंडातून एकेक ढकलावा लागायचा.

"इकून... टाकू," तो म्हणाला. "सगळा कळप. लीड्सला... कौन्सिलचं घर मिळंल."

"आन् तितं मी काय करू? खिडकीतनं बसी मोजू?"

"ईदंला... कोण न्हेणार?"

तोच प्रश्न होता. एप्रिलच्या मध्याला बकरी ईद. लीड्सच्या खाटकाला पंचावन्न बोकड द्यायचा शब्द दिलेला, आणि वर्षाची सगळी मिळकत त्या एका आठवड्यात. त्याला ईदच्या आठवडाभर आधी माल पोचला नाही की तो दुसरा गोठा बघणार आणि पुन्हा ह्या वाटेला येणार नाही. भाड्याच्या लॉरीवाल्यानं मागितलेलं भाडं ऐकून आक्का म्हणाली होती की एवढ्यात बोकडांना विमानानं नेता येईल. हॅरल्डवर विसंबावं तर मार्च-एप्रिलात त्याच्या मेंढ्या विणार. तो स्वतःच्या गोठ्याबाहेर डोकं काढणार नाही.

आक्कानं परात धुतली, पदराला हात पुसले आणि रश्मीला विचारलं, "त्या येगळ्या परीक्षंत काय काय असतंय?"

रश्मीनं बोटांवर मोजलं. "ट्रेलर सोडायचा, परत जोडायचा. एक तास रोडवर. एक ब्रेकचा. आणि रिव्हर्स. कोन्समधून असा वळवून मागे न्यायचा आणि बॉक्समध्ये उभा करायचा."

"मागं घ्यायला येतंय तुला?"

"नाही."

"मंग उद्यापासनं."

खालच्या रानात चिखल रात्रीत गोठून दगड व्हायचा आणि दुपारी पुन्हा चिखल. आक्कानं खुराकाचे निळे पिंप ओळीत मांडले आणि त्यांत दगड भरले, म्हणजे वाऱ्यानं उडू नयेत. रश्मी पिकअपमध्ये बसली. मागं रिकामा ट्रेलर. पहिल्याच दिवशी ट्रेलर आणि पिकअप हाताच्या कोपरासारखे सात वेळा दुमडले. आठव्यांदा एक पिंप चाकाखाली गेलं.

"क्रॉयडनात खुर्चीला चाकं हुती न्हवं? ती तरी सरळ मागं जायची का?"

"आई, ओरडू नको. मी राइटला वळवते तर तो लेफ्टला जातो."

"जाणारच. त्येचा स्वभावच हाय त्यो. तुझ्या बापासारखा. एक सांगावं तर दुसरीकडं."

विष्णू खिडकीतून बघत होता. त्याचं निम्मं तोंड हसलं.

आक्कानं रश्मीला सरकवलं आणि स्वतः बसली. रानाला लायसन लागत नाही. पंधरा वर्षं ती ह्याच रानात ट्रेलर फिरवत होती. गवताचे भारे, शेण, मेलेली जनावरं. पाय पोचावेत म्हणून पाठीशी उशी. तिनं हात स्टिअरिंगच्या वरून काढून खाली धरला.

"हात हितं खाली ठिव. ज्या अंगाला ट्रेलर न्ह्यायचा त्या अंगाला हात न्ह्यायचा. एवढंच. आन् समूर बघू नको. आमचा बा बैलगाडी मागं घ्यायचा तवा बैलाच्या तोंडाकडं कधी बघत नसं. चाकाकडं बघायचा. तूबी आरशात चाक बघ."

ट्रेलर पिंपांमधून गेला, पाणी उतरावं तसा. रश्मी बघत राहिली.

"आणि समजा अडकला तर?"

"पुढं घ्यायचा. सरळ करायचा. परत मागं. पुढं घ्यायला लाज कसली? अडकून तसाच रेटीत ऱ्हायचं, त्येची लाज."

मग आक्का उतरली आणि तिनं रश्मीला पुन्हा स्टिअरिंगपाशी बसवलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रश्मीचा हात बसू लागला. आक्का आता मागं उभी राहून हातवारे करायची. त्या दिवशी गोठ्याच्या भिंतीपाशी ट्रेलर लावायचा होता. आभाळ खाली आलेलं, उजेड राखेच्या रंगाचा. आक्का म्हणत होती, "ये... ये... ये... आजून ये..." आणि भिंतीत ट्रेलरचा कोपरा शिरला. दिव्याची लाल काच खळ्ळकन खाली आली. भिंतीचे दोन दगड तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर पडले.

रश्मी उडी मारून खाली उतरली. "आई! तू ये म्हणालीस! लागलं का तुला?"

"न्हाय."

"भिंत दिसली नाही?"

आक्कानं खाली वाकून काचेचे तुकडे वेचायला सुरुवात केली. एक मोठा तुकडा तिच्या हाताला सापडेना. शेणात पडला होता, तिच्या बोटांच्या अगदी पुढ्यात. रश्मीनं तो उचलून दिला. दोघीही वाकलेल्या होत्या.

"आई. अठ्ठ्याऐंशीमध्ये तुझा टेस्ट होता ना? तेव्हा तू सांगितलं, त्यांची गाडी स्टार्ट झाली नाही."

"गाडी चांगली हुती," आक्का म्हणाली. ती तुकडे ओच्यात भरत होती. "त्या मानसानं रस्त्यावं उभं केलं आन् लांबची एक गाडी दावली. म्हनला, त्येचा नंबर वाच. मला नंबर दिसंना. गाडीच धड दिसंना. मी म्हनलं, पुढं हून वाचते. त्यो म्हनला, न्हाय, हितनंच. झालं. गाडीत बसायच्या आदीच परीक्षा संपली." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुझ्या बालाबी म्हाईत न्हाय. सांगू नको."

"डॉक्टरकडे का नाही गेली?"

"गेलते. शाळंत जायच्या वयात ताप आलता, तवाच डोळ्याचा मागचा पडदा गेलाय म्हनले. चष्म्यानं येत न्हाय." ती उठली. गुडघे वाजले. "आता कळलं न्हवं? मंग माज्या डोळ्यावं चालू नको. तुझ्या आरशावं चाल."

त्या दिवसानंतर आक्का मागं उभी राहिनाशी झाली. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून दूध काढायची, आणि पाठमोरीच ओरडायची, "लई दाबलंस... आता वाकडा झाला... पुढं घे." रश्मीला पहिल्यांदा वाटलं, आई अंदाजानं बोलते. मग तिनं ऐकून पाहिलं. ट्रेलर दुमडायला लागला की जोडाच्या लोखंडी गोळ्यावर कडी दाताखाली खडा आल्यासारखी कुरकुरायची. सरळ असला की नुसती इंजिनाची घरघर. आक्काला पंधरा वर्षं तेच ऐकू येत होतं; त्यावरच ती चालवत होती.

रस्त्यावर शिकायला जुन्या लायसनचा माणूस शेजारी बसायला हवा. त्यासाठी आक्कानं हॅरल्डशी सावड केली. तो आठवड्यातून दोन दुपारी रश्मीच्या शेजारी बसणार, आणि आक्का त्याच्या मेंढ्यांची बाळंतपणं करणार. हॅरल्डचा पंजा फावड्यासारखा. आडवं आलेलं कोकरू आतल्या आत फिरवायला आक्काचा बारका हात लागायचा, आणि तिथं डोळ्यांचं काम नव्हतंच. मार्चभर ती त्याच्या गोठ्यात गुडघ्यांवर बसून होती. नख्यांच्या कडा फुटल्या, कोपरापर्यंत आयोडीनचे पिवळे पट्टे. हॅरल्ड रोज एकदा म्हणायचा, "नॉट बॅड, मिसेस माने." आक्का म्हणायची, "यू ऑल्सो नॉट बॅड, हॅरल्ड. बट स्लो." रश्मी टेकडीवरच्या वळणांवर दोन टनांचं ओझं घेऊन जायला शिकली, उतारावर ट्रेलर मागून ढकलतो तेव्हा आधीच गिअर खाली आणायचा, आणि झोके खाऊ लागला तर ब्रेकवर नाचायचं नाही, नुसता पाय उचलायचा, हेही.

परीक्षेच्या तारखेचं पत्र मार्चच्या शेवटी आलं. रश्मी ते उघडून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली आणि तिथंच उभी राहिली. बराच वेळ झाला तशी आक्का म्हणाली, "काय गं? कवा हाय?"

"सेव्हन्थ एप्रिल. मंडे." ती थांबली. "आई, काळा गोळा आहे."

चुलीवरचं दूध वर आलं. आक्कानं ते उतरवलं.

"चेंज करायची तर नेक्स्ट डेट ट्वेंटी-फोर्थ आहे. मी विचारलं."

चोवीस म्हणजे ईद होऊन गेलेली. विष्णूनं खुर्चीत अंग सावरलं. शब्द जमवायला त्याला वेळ लागला.

"सोमवारची आवस... म्हंजी सोमवती. खंडोबाची पालखी... निघती जेजुरीला. देवाचा... दिस हाय. चालतंय."

त्यानं तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं, हे आक्काला कळलं. तीस वर्षांत हा माणूस देवाबद्दल इतकं कधी बोलला नव्हता. तिनं दुधावर झाकण ठेवलं.

"देवाला मदी घालू नगा. त्येला काय ट्रेलर वडायचा न्हाय." मग ती रश्मीकडं वळली. "डिशेंबरची तारीख मी बदलाय लावली. बदलली नसती तर आज ह्यो घोळच नसता. माझी चूक हुती."

रश्मीनं पत्राची घडी घातली. "माहीत आहे, आई."

"म्हाईत हाय तर बोलली का न्हाईस?"

"तू परात आपटत होतीस."

आक्कानं पत्र घेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला खोचलं. "सातलाच जा," ती म्हणाली.

सोमवारी वारा होता. परीक्षेची जागा म्हणजे मोठ्या लॉऱ्यांचं केंद्र; डांबराचं लांबलचक मैदान, तारेचं कुंपण, एका टोकाला कोन आणि पिवळा-काळा दांडा. रश्मीच्या शेजारी बसून आलेला हॅरल्ड पिकअपमधून उतरला आणि केंद्राच्या पायरीवर पेपर उघडून बसला. आक्का कुंपणापाशी उभी राहिली. अंगात विष्णूचा ओतशाळेतला कोट, पायात गोठ्यातले बूट. मैदानाच्या त्या टोकाला तिला फक्त एक करडा डाग दिसत होता, आणि त्याच्या मागं त्याहून मोठा करडा डाग.

कुंपणाशी एक पोरगा सिगारेट ओढत उभा होता. लॉरीच्या परीक्षेला आलेला. त्यानं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"माय डॉटर," आक्का म्हणाली. "नाऊ सायलेंट, प्लीज."

तिनं तोंड बाजूला फिरवलं आणि कान पुढं केला.

इंजिन लागलं. घरघर. कडी शांत. मग वळण आलं. कडी कुरकुरली, एकदा, बारीक. चांगलं. मग पुन्हा. मग लांबलचक, दात खाल्ल्यासारखा आवाज.

लई दाबलंस, आक्का मनात म्हणाली. तिचा हात तारेवर आवळला. वाकडा झाला.

इंजिनाचा आवाज तसाच राहिला. पोरगी रेटणार. पोरगी तिचीच होती. तिच्यात आईचा हट्ट उतरला नसेल तर कुणाचा उतरायचा? आक्काला दिसलं नाही, पण तिच्या डोळ्यांपुढं तो कोपर दुमडत चालला होता, दांडा आडवा पडत होता, आणि लीड्सच्या खिडकीतून बसी जात होत्या.

आवाज थांबला.

वाऱ्यात तार वाजत होती, तेवढीच. मग गिअर पडल्याचा खट्ट आवाज, आणि इंजिन पुढं निघालं. पुढं. सात-आठ हात. कडी सैल झाली, गप्प झाली. खट्ट. आणि मग मागं. नुसती घरघर, सरळ, लांब, पाणी उतरल्यासारखी, आणि थांबली.

"शी डिड अ शंट, एकदा पुढं घेतलाच," पोरगा म्हणाला. "पण बसवला बघा नीट."

आक्कानं तारेवरचा हात सोडला. तळव्यावर तारेची चौकट उमटली होती.

रस्त्यावरचा तास संपवून रश्मी चालत आली, तेव्हा आक्काला ती अगदी जवळ येईपर्यंत ओळखू आली नाही. हातात कागद होता. आक्कानं विचारलं नाही. रश्मीनं कागद तिच्या कोटाच्या खिशात कोंबला आणि म्हणाली, "भूक लागला आहे."

ईदच्या आदल्या आठवड्यात, पहिल्या खेपेचे अठ्ठावीस बोकड भरून ट्रेलर लीड्सच्या कत्तलखान्याच्या फाटकात आला. तिथंही एक पिवळा डगला होता. त्यानं लायसन घेतलं, तारीख बघितली, ट्रेलरच्या परीक्षेचा नवा कागद बघितला आणि हात हलवून आत सोडलं.

माल उतरवायचा ओटा दोन लॉऱ्यांच्या मधोमध होता. दोन्हीकडं हातभर जागा. लॉऱ्यांचे ड्रायव्हर कठड्याला टेकून चहा पीत होते. पिकअपमध्ये पोरगी आणि शेजारी लुगड्यावर कोट घातलेली म्हातारी बघून त्यांच्यातला एक मदतीला येण्यासाठी कप खाली ठेवू लागला.

"बोलवू त्याला?" रश्मीनं विचारलं. "की तू उतरून सांगतेस?"

"मी उतरते," आक्का म्हणाली. "पर सांगायला न्हाय."

ती उतरली. ट्रेलरच्या मागून ओट्यापर्यंत चालत गेली आणि ओट्याच्या लोखंडी फाटकाशी उभी राहिली. खिट्टी गंजलेली होती. ती दोन्ही हातांनी खिट्टी ओढू लागली, ट्रेलरकडं पाठ करून. मागून इंजिनाची घरघर जवळ येत होती. कडी गप्प होती. बोकडांच्या खुरांचा खडखडाट, मग त्यांचा वास, मग तिच्या मानेवर धुराची ऊब. कठड्यावरचा ड्रायव्हर ओरडला, "मिसेस, वॉच युवरसेल्फ!"

खिट्टी निघाली. आक्कानं फाटक उघडून बाजूला धरलं. 'थांब' असं ती म्हणाली नाही.

ट्रेलर थांबला.